खुब्याचं फ्रॅक्चर: टाके काढायला आलेल्या रुग्णाला हाडाचं औषध कोण लिहिणार?

अस्थिपंजर (सोमवार, रात्री १०:१२)

सत्तरी ओलांडलेली बाई मोरीत घसरते. इंटरट्रोक (मांडीच्या हाडाचा खुब्याजवळचा भाग) मोडतं, पीएफएन (हाडाच्या आत बसवायचा रॉड) बसतो, चौथ्या-पाचव्या दिवशी ती वॉकर धरून चार पावलं टाकते आणि घरी जाते. डिस्चार्ज कार्डावर अँटिबायोटिक, पॅन्टोप्राझोल, दुखण्याची गोळी, रक्त पातळ ठेवायचं औषध आणि कॅल्शियमची एक गोळी. निदानाच्या रकान्यात 'इंटरट्रोकँटेरिक फ्रॅक्चर, डावी बाजू'. उभ्या उंचीवरून पडून मांडीचं हाड ज्या आजारामुळे मोडलं, त्या ऑस्टिओपोरोसिसचं (हाडं ठिसूळ होण्याच्या आजाराचं) नाव कार्डावर कुठेच नाही.

कोणाला माहीत नसतं म्हणून हे होत नाही. सर्जनला वाटतं फिजिशियन बघतील. फिजिशियनला वाटतं हाड मोडलंय, म्हणजे सर्जनचा प्रांत. फॅमिली डॉक्टर कार्डावरची कॅल्शियमची गोळी बघतात आणि 'हाडांचं चालू आहे' असं समजतात. कॅल्शियम हा ऑस्टिओपोरोसिसचा उपचार नव्हे, उपचाराला लागणारा शिधा आहे.

माझं म्हणणं असं की हे औषध टाके काढायच्या भेटीला बांधून टाकावं. त्या भेटीला रुग्ण नक्की येतो. त्यानंतर गळती सुरू होते, आणि चालायला लागलेला रुग्ण तीन महिन्यांच्या एक्स-रेलाही फिरकत नाही.

दुसरं कारण शास्त्रीय आहे. होरायझन गटाचा खुब्याच्या फ्रॅक्चरवरचा अभ्यास २००७ साली आला. २१२७ रुग्ण, शस्त्रक्रियेपासून ९० दिवसांच्या आत झोलेड्रॉनिक ॲसिड ५ मिलिग्रॅम शिरेतून, मग वर्षाला एकदा. नवीन फ्रॅक्चर १३.९ टक्क्यांवरून ८.६ वर आली, मृत्यू १३.३ वरून ९.६ वर. पुढे त्याच आकड्यांची फोड केल्यावर दिसलं की पहिल्या दोन आठवड्यांत ज्यांना दिलं त्यांच्यात फायदा दिसला नाही, दोन आठवड्यांनंतर दिलेल्यांत दिसला. टाके निघतात १२ ते १४ व्या दिवशी. एक-दोन दिवस पुढे सरकवलं की घड्याळ आपोआप जुळतं.

आमच्या मांडणीचा आराखडा:

भरती होताच, शस्त्रक्रियेच्या आधीच्या रक्तातच: हिमोग्राम, क्रिएटिनिन, कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, अल्ब्युमिन, व्हिटॅमिन डी, टीएसएच. वॉर्डात असतानाच डी३ ची ६० हजार युनिटची सॅशे दोन दिवस लागोपाठ, दुधातून. वरच्या अभ्यासात इंजेक्शनच्या किमान १४ दिवस आधी ५० हजार ते सव्वा लाख युनिट दिलं होतं, म्हणजे आपल्या दोन सॅशे त्यात बरोबर बसतात. टाक्यांच्या भेटीला जखम बघायची, क्रिएटिनिन आणि कॅल्शियम पुन्हा तपासायचं, आणि सगळं ठीक असेल तर त्याच दिवशी झोले (झोलेड्रॉनिक ॲसिड).

कुठे अडतं ते लिहा.

रात्रपाळी (सोमवार, रात्री ११:४८)

रेसिडेंटच्या पातळीवरचे तीन प्रश्न.

एक, डेक्सा (हाडाची घनता मोजणारी एक्स-रे तपासणी) झालेलं नसतं. टी-स्कोअर (तरुण हाडाच्या तुलनेत घनता किती, तो आकडा) नसताना ऑस्टिओपोरोसिस लिहायचं कसं?

दोन, हाड जुळायच्या आत बिसफॉस्फोनेट (झोले ज्या गटात येतं तो औषधांचा गट) दिलं तर जुळणं लांबतं, असं राउंडला ऐकवलं जातं.

तीन, क्रिएटिनिन ०.९ आलं की 'किडनी नॉर्मल' म्हणून पुढे जायचं का? ७८ वर्षं, ४२ किलो, असा रुग्ण समजा.

नाडीपरीक्षा (मंगळवार, सकाळी ७:०५)

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात.

कॉक्रॉफ्ट-गॉल्टचं सूत्र मांडा, त्यातून किडनीचा क्लिअरन्स (रक्त साफ करण्याचा वेग) निघतो. १४० वजा वय, गुणिले वजन, भागिले ७२ गुणिले क्रिएटिनिन. बाई असेल तर पुन्हा गुणिले ०.८५. १४० वजा ७८ म्हणजे ६२, गुणिले ४२ म्हणजे २६०४. ७२ गुणिले ०.९ म्हणजे ६४.८. भागाकार ४०.२, त्याला ०.८५ ने गुणलं की ३४. झोले द्यायला क्लिअरन्सची रेषा आहे ३५. म्हणजे ज्या रिपोर्टवर एकही तांबडं अक्षर नाही, तो रुग्ण रेषेखाली. तीच बाई क्रिएटिनिन १.१ असेल तर २८ वर येते, आणि लॅबला १.१ सुद्धा नॉर्मलच वाटतं. हडकुळ्या म्हाताऱ्या माणसाच्या अंगात स्नायूच कमी, तर क्रिएटिनिन चढणार कुठून?

लॅब जो ईजीएफआर (किडनीच्या कामाचा अंदाज) छापून देते त्यात वजन धरलेलं नसतं. बारीक रुग्णात तो आकडा फसवा असतो. औषधाच्या कागदपत्रांत दिलेली मर्यादा कॉक्रॉफ्ट-गॉल्टचीच आहे.

शिवाय ३४ हा आकडा शेवटचा धरू नका. ऑपरेशननंतर पाणी कमी प्यायलेलं असतं, डायक्लोफेनॅक चालू असतं, आधीपासून लघवीची गोळी असते. वेदनाशामक बदलून पॅरासिटामॉल करा, पाणी पाजा, आठवड्याने पुन्हा तपासा. बरेचदा क्रिएटिनिन ०.९ चं ०.८ होतं आणि क्लिअरन्स ३८ वर जातो. घाईने दिलेल्या झोलेपेक्षा आठवड्याने दिलेलं झोले बरं.

अस्थिपंजर (मंगळवार, सकाळी ८:३०)

पहिले दोन मी घेतो.

डेक्सासाठी थांबू नका. पन्नाशीपुढच्या माणसाचा खुबा घरातल्या घरात पडून मोडला आणि गाठ किंवा दुसरा हाडाचा आजार नाही, तर निदान झालं. टी-स्कोअर उणे २.५ च्या वर आला तरी उपचार बदलत नाही. डेक्सा पुढच्या तुलनेसाठी सवडीने करा. रॉड असलेली बाजू चालत नाही, दुसरा खुबा घ्या. म्हाताऱ्या कण्यात झीज आणि हाडाच्या चोची असतात, त्याने कण्याचा आकडा खोटा वर जातो. अशा वेळी मनगटाजवळच्या हाडाचं मोजमाप मागा. सोसायटीच्या शिबिरात टाचेवर यंत्र लावून जो छापील कागद देतात तो डेक्सा नव्हे, ती अल्ट्रासाउंड आहे. त्या कागदावर 'नॉर्मल' असेल तर नातेवाईक तो तुमच्यासमोर धरतातच.

हाड जुळण्याबद्दल: त्याच अभ्यासात उशिरा जुळण्याचं प्रमाण झोले गटात ३.२ आणि झोले न मिळालेल्या गटात २.७ टक्के होतं, फरक गणिताच्या कसोटीला उतरला नाही. पीएफएन तुटतो तो बहुतेक वेळा रिडक्शन (तुकडे जागेवर बसवणं) चुकल्यामुळे किंवा स्क्रू वर बसल्यामुळे. झोलेवर खापर फोडू नये.

खलबत्ता (मंगळवार, दुपारी १:२०)

औषधाच्या काउंटरवरून दिसणाऱ्या गोष्टी.

झोलेड्रॉनिक ॲसिड दोन रूपांत मिळतं. ४ मिलिग्रॅमची छोटी व्हायल, जी कॅन्सरच्या रुग्णांसाठी असते आणि पातळ करून द्यावी लागते. आणि ५ मिलिग्रॅम १०० मिलिलीटरची तयार बाटली, ती ऑस्टिओपोरोसिसची. चिठ्ठीवर नुसतं 'इंज. झोले' लिहिलं की दुकानात जे असेल ते जातं, आणि बहुतेक दुकानांत ४ ची व्हायल पडून असते. मिलिग्रॅम लिहा, 'वर्षाला एकदा' लिहा. कॅन्सरवाल्यांना ते तीन-चार आठवड्यांनी दिलं जातं, आणि तोच कागद कोणी नक्कल केला तर काय होईल ते सांगायला नको.

बाटली रिंगर लॅक्टेटच्या लाइनला जोडू नका. आरएलमध्ये कॅल्शियम असतं, झोले त्याच्याशी जमत नाही. वेगळी लाइन घ्या, आधी-नंतर नॉर्मल सलाइन. वेळ किमान १५ मिनिटं. म्हातारा रुग्ण असेल तर अर्धा तास लावला तरी काही बिघडत नाही, उलट किडनीला बरंच. त्या दिवशी सकाळी दोन पेले पाणी जास्त प्यायचं, उपाशीपोटी यायचं नाही. इंजेक्शन म्हटलं की लोक उपाशी येतात.

रात्रपाळी (मंगळवार, दुपारी ३:०२)

१५ व्या दिवशी झोले दिलं आणि १६ व्या दिवशी १०१ ताप घेऊन रुग्ण आला तर? इम्प्लांट आत आहे.

नाडीपरीक्षा (मंगळवार, दुपारी ४:१५)

चांगला प्रश्न, आणि या भीतीपायीच बरेच सर्जन झोलेला हात लावत नाहीत.

पहिल्या डोसनंतर साधारण तिघांतल्या एकाला ताप, अंगदुखी, थंडी असं काहीतरी होतं. सुरुवात २४ ते ४८ तासांत, आणि तीन दिवसांत ओसरतं. दुसऱ्या वर्षी फार कमी होतं. पॅरासिटामॉल ६५० इंजेक्शनच्या वेळीच सुरू करा आणि तीन दिवस दिवसातून तीनदा चालू ठेवा. ताप येण्याची वाट बघत बसू नका.

जखम बघा. कोरडी, थंड, न दुखणारी जखम आणि सगळं अंग मोडून आलंय, असा ताप झोलेचा. जखमेतून पाणी, लाली, त्याच जागी वाढतं दुखणं, किंवा चौथ्या दिवशीही ताप, तर इन्फेक्शन शोधा. सीआरपीच्या (सूज दाखवणाऱ्या रक्तचाचणीच्या) भरवशावर राहू नका, झोलेनेही सीआरपी चढतो. नातेवाइकांना हे आधी सांगून ठेवलं की रात्री दोनचा फोन टळतो.

आणि डोळा लाल होऊन दुखायला लागला, उजेड सहन होईना, तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे लगेच. दुर्मीळ आहे पण होतं.

मोरपंखी (मंगळवार, रात्री ९:३३)

सगळा धागा झोलेवरच चाललाय. अलेन्ड्रोनेटची आठवड्याची ७० ची गोळी स्वस्त आहे, जुनी आहे, तिच्यावर भरपूर अभ्यास झालाय. वॉर्डातच पहिली गोळी देता येते, दोन आठवडे थांबायची गरज नाही. रुग्ण टाक्यांना तालुक्याच्या डॉक्टरकडे गेला तर तुमचं झोले हुकलं. खिशात गोळी असेल तर निदान काहीतरी सुरू झालं.

गोळी कशी घ्यायची हे मात्र बसून सांगावं लागतं. सकाळी उठल्यावर चूळ भरून, चहाच्या आधी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर. दूध नाही, चहा नाही, दुसरी गोळी नाही. मग अर्धा तास बसून किंवा उभं राहून. आडवं व्हायचं नाही, देवपूजा करताना लवून नमस्कारही त्या अर्ध्या तासात नको. गोळी अन्ननलिकेला चिकटली तर जखम होते. चहाच्या घोटाबरोबर घेतली तर पोटातून काही शोषलंच जात नाही, वर्षभर गोळ्या खाऊन हाताला शून्य.

'उपाशीपोटी' शब्द जपून वापरा. 'उपाशीपोटी, आठवड्यातून एकदा' सांगितलं की म्हाताऱ्या बायका गोळी उपासाच्या दिवसाला जोडतात. मग चतुर्थी महिन्यातून दोन, एकादशी दोन, आणि कुठल्या आठवड्यात दोन गोळ्या तर कुठल्यात एकही नाही. वार ठरवून द्या. रविवार सोपा, नातवंडं घरी असतात, आठवण करतात.

थायरॉइडची गोळीही सकाळी रिकाम्या पोटीच असते. त्या दिवशी आधी अलेन्ड्रोनेट, अर्ध्या तासाने थायरॉक्सिन, आणखी अर्ध्या तासाने चहा. आठवड्यातून एकच सकाळ आहे, जमतं.

अस्थिपंजर (मंगळवार, रात्री १०:०५)

मोरपंखी, वाद मान्य आहे पण निम्माच. खुब्याच्या रुग्णांत गोळी टिकत नाही. आधीच दहा गोळ्या, त्यात विसराळूपणा, त्यात पित्त. गोळी सुरू केलेल्यांतले कितीतरी वर्षाच्या आत सोडतात. जिला अर्धा तास सरळ बसवत नाही, गिळताना अडकतं, किंवा नाकातून नळी आहे, तिला गोळी द्यायचीच नाही. कुटून तर अजिबात नाही. झोलेत एकदा सुई टोचली की वर्षभर कोणाच्या शिस्तीवर अवलंबून राहावं लागत नाही.

पण रुग्ण पुन्हा येणार नाही हे दिसतच असेल, तर तुमची गोळी. तिथे माझा हट्ट नाही. मर्यादा लक्षात ठेवा: अलेन्ड्रोनेटलाही क्लिअरन्स ३५ लागतो. रिसेड्रोनेट ३५ मिलिग्रॅम आठवड्याला ३० पर्यंत चालतं. महिन्याची आयबॅन्ड्रोनेट १५० सोयीची वाटते म्हणून खूप लिहिली जाते, पण खुब्याचं फ्रॅक्चर ती कमी करते असं सिद्ध झालेलं नाही. खुबा मोडलेल्या रुग्णाला ती लिहिण्यात अर्थ नाही.

नाडीपरीक्षा (बुधवार, सकाळी ६:५०)

रक्ताच्या तपासण्यांवर थोडं थांबूया, नाहीतर ऑस्टिओमलेशियावर (डी कमी पडून हाड मऊ होण्याच्या आजारावर) झोले पडेल.

अल्कलाइन फॉस्फटेज पहिल्या दिवशीच का? कारण हाड जुळायला लागलं की ते तसंही वर जातं आणि पुढचे आठवडे वरच राहतं. तिसऱ्या आठवड्यात ३०० आलं तर ते जुळण्याचं की ऑस्टिओमलेशियाचं, कळायला मार्ग नाही. भरतीच्या दिवशी वाढलेलं, सोबत फॉस्फरस कमी, कॅल्शियम खालच्या काठावर, व्हिटॅमिन डी दहाच्या आत, आणि विचारल्यावर कळतं की बाई वर्षभर जमिनीवरून उठताना हात टेकत होती, जिना चढताना कठडा ओढत होती. हे हाड ठिसूळ नाही, मऊ आहे. आधी डी आणि कॅल्शियम, पीटीएच (पॅराथायरॉइडचं संप्रेरक) बघा, दोन-तीन महिने भरून काढा, मग पुढचं. अशा रुग्णाला झोले दिलं तर कॅल्शियम कोसळतं: तोंडाभोवती मुंग्या, हाताला पेटके, कधी झटके.

कॅल्शियम वाचताना अल्ब्युमिन बघा. ऑपरेशननंतर अल्ब्युमिन २.६ आणि कॅल्शियम ७.९ असा रिपोर्ट येतो आणि सगळे घाबरतात. अल्ब्युमिन ४ पेक्षा जितकं कमी, त्याला ०.८ ने गुणून कॅल्शियममध्ये मिळवा. १.४ गुणिले ०.८ म्हणजे १.१. कॅल्शियम झालं ९. ठीक आहे.

हिमोग्लोबिन फ्रॅक्चरच्या रक्तस्रावाच्या मानाने फारच कमी, क्रिएटिनिन वर, कॅल्शियम वर, पाठ जुनी दुखते: सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस पाठवा. मायलोमा (अस्थिमज्जेतला कॅन्सर) खुब्याच्या फ्रॅक्चरच्या वेशात येतो. ईएसआरचा उपयोग नाही, ऑपरेशननंतर तो सगळ्यांचाच चढलेला.

पुरुष रुग्ण असेल तर टेस्टोस्टेरॉन आणि दारू विचारा. आणि सगळ्यांना विचारा की गुडघेदुखीवर कुठल्या बिननावाच्या पुड्या चालू आहेत का. त्या पुड्यांत स्टिरॉइड निघतं.

खलबत्ता (बुधवार, सकाळी ११:१०)

डी३ च्या सॅशेबद्दल. आठवड्याला एक अशी आठ आठवडे, मग महिन्याला एक. महिन्याची ६० हजार म्हणजे रोजची २००० युनिट झाली, पुरेशी आहेत. कार्डावर 'आठवड्याला एक' लिहून शेवटची तारीख नसेल तर लोक दोन-दोन वर्षं तीच चिठ्ठी घेऊन येतात. मग कॅल्शियम वाढतं, मळमळ, बद्धकोष्ठ, किडनीवर भार. तारीख लिहा.

सहा लाखांचं इंजेक्शन तर नकोच. एका दमात मोठा डोस देऊन फायदा होत नाही. वर्षाला एकदा पाच लाख युनिट दिलेल्या म्हाताऱ्या बायकांवरचा ऑस्ट्रेलियन अभ्यास २०१० साली आला, त्यात पडण्याचं आणि फ्रॅक्चरचं प्रमाण उलट वाढलं.

कॅल्शियम कार्बोनेट १२५० ची गोळी म्हणजे शुद्ध कॅल्शियम ५००. जेवणाबरोबर घ्यायची. पॅन्टोप्राझोल चालू असेल तर सायट्रेट बरं, त्याला पोटातलं ॲसिड लागत नाही. (पॅन्टोप्राझोल खरंच लागतंय का, हाही प्रश्न विचारा. वर्षानुवर्षं घेतलं तर त्याचं नाव फ्रॅक्चरशी जोडलं जातं.) गाईचं पेलाभर, २०० मिली दूध साधारण २४० मिलिग्रॅम देतं. नाचणीच्या शंभर ग्रॅम पिठात साडेतीनशेच्या आसपास, पण एका भाकरीत शंभर ग्रॅम पीठ नसतं. रोजचं एकूण १००० ते १२०० व्हावं, त्यातलं जेवणातून जेवढं येईल तेवढं येऊ द्या, उरलेलं गोळीने. लोह आणि कॅल्शियम एका घोटात नको.

दंतकथा (बुधवार, संध्याकाळी ६:४०)

जबड्याचं हाड कुजेल या भीतीने बिसफॉस्फोनेट टाळणाऱ्यांसाठी: ऑस्टिओपोरोसिसच्या डोसला हा प्रकार फार दुर्मीळ आहे. कॅन्सरच्या, दर महिन्याच्या डोसला जास्त. पण तोंड उघडून बघायला एक मिनिट लागतं. हलणारा दात, पू, हिरड्यांतून रक्त, रुतणारी कवळी. मिश्री लावणाऱ्या बायकांच्या हिरड्या हमखास खराब असतात, आणि मिश्री म्हणजे तंबाखूच.

काढायचा दात झोलेच्या आधी काढून घ्या, जागा भरू द्या, दोन-तीन आठवडे पुरतात. पण नुसत्या दाताच्या तपासणीच्या तारखेसाठी खुब्याच्या रुग्णाचं औषध महिनोन्महिने लांबवू नका. आधीच औषध सुरू असेल आणि दात दुखायला लागला, तर रूट कॅनाल शक्य आहे का ते पाहायचं, उपटणं शेवटी.

रात्रपाळी (बुधवार, रात्री १०:५५)

क्लिअरन्स २८ च राहिला, पाणी पाजून वर येईना. मग डेनोसुमॅब (हाडाचं दुसरं इंजेक्शन)?

नाडीपरीक्षा (गुरुवार, सकाळी ७:२०)

हो, पण दोन अटींवर.

पहिली, कॅल्शियम आणि डी आधी भरून घ्या, आणि इंजेक्शननंतर १० ते १४ दिवसांनी कॅल्शियम तपासा. किडनी जितकी कमजोर तितकं कॅल्शियम जास्त पडतं. डायलिसिसवरच्या किंवा त्याच्या उंबरठ्यावरच्या रुग्णाला नेफ्रॉलॉजिस्टला विचारल्याशिवाय देऊ नका. अमेरिकेच्या एफडीएने जानेवारी २०२४ मध्ये याच कारणासाठी ठळक चौकटीतला इशारा घातला आहे. तिथे हाडाचा आजार मुळात वेगळा असू शकतो, पीटीएच पाहिल्याशिवाय कळत नाही.

दुसरी, ६० मिलिग्रॅम कातडीखाली, दर सहा महिन्यांनी, आणि तारीख चुकवायची नाही. झोले हाडात बसून राहतं. बाराऐवजी अठरा महिन्यांनी दिलं तरी आभाळ कोसळत नाही. न्यूझीलंडमध्ये हाडं पातळ झालेल्या दोन हजार बायकांना दर अठरा महिन्यांनीच दिलं होतं आणि फ्रॅक्चर कमी झाली (२०१८). डेनोसुमॅबचं तसं नाही. सातवा महिना उलटला की हाड झिजवणाऱ्या दबलेल्या पेशी उसळून उठतात, मिळवलेलं हाड जातं, आणि कण्याचे एकामागून एक मणके बसतात. रुग्ण पुन्हा येईल याची खात्री नसेल तर हे सुरूच करू नये. थांबवायचं असेल तर शेवटच्या डोसनंतर सहा महिन्यांनी दुसरं औषध, शक्य असेल तर झोले. क्लिअरन्स ३५ च्या खाली असेल तर तीही वाट अरुंद, म्हणजे सुरू करतानाच शेवटाचा विचार हवा.

खलबत्ता (गुरुवार, सकाळी ९:४५)

डेनोसुमॅब फ्रीजमधलं, २ ते ८ अंश. गावी न्यायचं असेल तर बर्फाला सरळ चिकटवू नका, गोठलं की फेकायचं. टॉवेलात गुंडाळून, डब्यात. टोचण्याआधी अर्धा तास बाहेर ठेवा, हलवू नका. भारतीय बायोसिमिलर (त्याच औषधाच्या इथल्या कंपन्यांच्या आवृत्त्या) आल्यापासून किंमत उतरली आहे, म्हणून सहज लिहिलं जातं. दुसऱ्या डोसची तारीख मात्र चिठ्ठीवर नसते.

मोरपंखी (गुरुवार, दुपारी २:३०)

टेरीपॅराटाइड (नवं हाड बांधणारं इंजेक्शन) राहिलंच. खुबा मोडला आणि शिवाय कण्याचे दोन-तीन मणके आधीच बसलेले, किंवा बिसफॉस्फोनेट चालू असताना पुन्हा मोडलं, तर ते. रोज २० मायक्रोग्रॅम, पोटावर किंवा मांडीत, पेनने. पेन फ्रीजमध्ये, फ्रीझरमध्ये नाही, आणि उघडल्यापासून किती दिवस चालतं ते त्या पेनच्या खोक्यावर बघा. सुरुवातीचे काही दिवस टोचल्यावर चक्कर येऊ शकते, बसून घ्यायचं. खुब्यातून उठलेल्या माणसाला चक्कर परवडत नाही. हाडाला पूर्वी रेडिएशन झालंय, हाडात कॅन्सर पसरलाय, कॅल्शियम किंवा पीटीएच वर आहे, अल्कलाइन फॉस्फटेज विनाकारण वर आहे, तर नाही.

२४ महिने ही कमाल. संपल्यावर लगेच झोले किंवा डेनोसुमॅब, नाहीतर बांधलेलं हाड विरघळतं. उलट क्रम नको: डेनोसुमॅब थांबवून थेट टेरी सुरू केलं तर खुब्यातलं हाड घटतं.

अस्थिपंजर (गुरुवार, रात्री ९:१५)

एक्स-रे बघणाऱ्यांसाठी एक. रुग्ण आधीच पाच-सात वर्षं अलेन्ड्रोनेटवर असेल तर फ्रॅक्चर नेमकं कुठे आहे ते बघा. लेसर ट्रोकँटरच्या (मांडीच्या हाडाच्या आतल्या बाजूच्या उंचवट्याच्या) खाली, आडवी रेघ, बाहेरची कॉर्टेक्स (हाडाची कडक भिंत) जाड झालेली, तिथे चोचीसारखा उंचवटा, तुकडे फारसे नाहीत: हे अटिपिकल फ्रॅक्चर. इथे बिसफॉस्फोनेट थांबवायचं. दुसऱ्या मांडीचाही पूर्ण लांबीचा एक्स-रे काढा, तिथे अर्धवट भेग असू शकते. आशियाई वंशाच्या बायकांत हे गोऱ्यांपेक्षा जास्त दिसतं. औषध सुरू करतानाच सांगून ठेवा: मांडी किंवा जांघ काही आठवडे दुखत राहिली तर येऊन दाखवा.

साध्या इंटरट्रोकच्या मानाने हा प्रकार फार कमी. या भीतीने औषध न देणं म्हणजे अपघात होतो म्हणून सीटबेल्ट न लावणं.

किती वर्षं द्यायचं, हे कोणी विचारणारच. झोले तीन, गोळी पाच वर्षांनी थांबून विचार करतात. पण खुबा मोडलेला रुग्ण जोखमीच्या वरच्या पायरीवर असतो, त्याला झोले सहा आणि गोळी दहा वर्षांपर्यंत नेता येते. औषधाला सुट्टी म्हणजे विसरणं नव्हे, दोन-तीन वर्षांनी पुन्हा तपासणी.

दूरदेशी (शुक्रवार, पहाटे २:४०)

स्कॉटलंडमधून वाचतोय. ग्लासगोत १९९९ साली फ्रॅक्चर लायझन सर्व्हिस सुरू झाली, तिचं मर्म तुमच्या पहिल्या पोस्टमध्येच आहे: काम एका माणसाच्या नावावर टाकायचं. तिथे ती बहुधा एक नर्स असते. वॉर्डातली यादी रोज बघते, पन्नाशीपुढचं प्रत्येक फ्रॅक्चर उचलते, तपासण्या लावते, औषध सुचवते आणि नंतर फोन करते. इंग्लंड-वेल्सच्या हिप फ्रॅक्चर नोंदणीत तर १२० दिवसांनी रुग्ण कुठे आहे, चालतो का, हाडाचं औषध चालू आहे का, हे टिपतात. महाराष्ट्रातल्या ३० खाटांच्या रुग्णालयात वेगळा विभाग नको, ड्रेसिंगची सिस्टर आणि एक दोनशे पानी वही पुरे. तीन रकाने: ऑपरेशनची तारीख, औषधाची तारीख, पुढच्या डोसची तारीख. आणि सुनेचा मोबाईल नंबर, मुलाचा नाही.

चालता_बोलता (शुक्रवार, सकाळी ८:०५)

फिजिओच्या बाजूने थोडक्यात. हाड भक्कम केलं आणि माणूस पुन्हा पडला तर काय उपयोग? झोपेची गोळी, रात्री उशिरा घेतलेली लघवीची गोळी, न काढलेला मोतीबिंदू, आडवं असतानाचं आणि उभं राहिल्यावरचं बीपी. मोरीच्या उंबऱ्याला ठळक पट्टी, भिंतीला घट्ट दांडी, पायपुसणं काढून टाका. झोलेच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी चालण्याचा व्यायाम हलका ठेवा, अंग दुखत असतं, पाय अडखळतो.

अस्थिपंजर (शुक्रवार, रात्री ९:५०)

वहीची कल्पना घेतली. सोबत डिस्चार्ज कार्डासाठी रबरी शिक्का करायचाय. मजकूर असा:

'निदान: ऑस्टिओपोरोसिससह खुब्याचं फ्रॅक्चर.
डी३ ६० हजार: दिलं ता. __, __.
टाक्यांच्या भेटीला: क्रिएटिनिन, कॅल्शियम.
झोलेड्रॉनिक ५ मिग्रॅ / अलेन्ड्रोनेट ७० मिग्रॅ / इतर: ता. __.
पुढचा डोस ता. __.
न दिल्यास कारण: __.'

शेवटची ओळ मुद्दाम. कारण लिहावं लागलं की हात थांबतो.

नाडीपरीक्षा (शुक्रवार, रात्री १०:२०)

वजन राहिलं. वजनाशिवाय क्लिअरन्स कोण काढणार?

रात्रपाळी (शुक्रवार, रात्री १०:३१)

खाटेवरच्या रुग्णाचं वजन करायचं कसं? कार्डावर सगळ्यांचं '५० किलो' असतं ते त्यामुळेच.

चालता_बोलता (शनिवार, सकाळी ७:४५)

स्टोअरमध्ये धान्याचा किंवा सिलिंडरचा प्लॅटफॉर्म काटा असतो. व्हीलचेअरसकट त्यावर ठेवा, रिकाम्या खुर्चीचं वजन वजा करा. टाक्यांच्या दिवशी उभ्याने करत असाल तर वॉकर काट्याच्या बाहेर टेकलेला नको, हातावर भार जातो आणि वजन चार-पाच किलो कमी दाखवतं. वॉकरही काट्यावरच घ्या आणि मग वजा करा. खुर्ची आणि वॉकर दोन्हींचं वजन एकदा मोजून काट्यावरच मार्करने लिहून ठेवा.